नथ्थूबाबाचा चष्मा आणि तीन दाण्यांची शेंग

सोयाबीनची शेंग मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसून मळ्यात आली, तेव्हा सगळं घर लिंबाखाली बैठकीला गोळा झालं होतं. हौसाआजीला वाटलं, कोणीतरी जाडजूड पाहुणी आहे. तिने पदर सावरला, सतरंजीवर सरकून जागा केली आणि म्हणाली, "या बाई, बसा. उन्हाच्या आल्या."

"आत्या, शेंग आहे थे," विनोदकाका गाडी स्टँडवर लावत म्हणाला. शेंग पडू नये म्हणून त्याने ती ओढणीने स्वतःच्या कमरेला बांधून आणली होती. "पल्लवीची नोकरी आहे. नमस्कार नका करू तिले."

हौसाआजीने जोडलेले हात खाली घेतले, पण केलेली जागा काही परत घेतली नाही. शेवटी शेंगेलाच तिथे बसवावं लागलं.

होती मात्र पाहण्यासारखी! माणसाहून वीतभर उंच, पोपटी हिरवी, स्पंजाची, अंगभर बारीक लव असलेली आणि पोटाला तीन ठिकाणी फुगलेली. वरच्या दाण्याला डोळ्यांसाठी जाळीची दोन भोकं. मधल्या दाण्यातून हात बाहेर काढायची सोय. पाठीला मानेपासून गुडघ्यापर्यंत चेन. आत बॅटरीवरचा एक पंखासुद्धा होता. चालू केला की शेंगेत भुंगा शिरल्यासारखा घूंऽऽ करायचा. मे महिन्यातल्या कारंज्याच्या उन्हात माणूस आत उकडून निघू नये, एवढी काळजी कंपनीने घेतली होती.

पल्लवी शेंगेकडे पाहत होती आणि शेंग जाळीच्या भोकांतून पल्लवीकडे.

बारावी झाली होती. सीईटी झाली होती. डोळे तपासायचं शिकवणाऱ्या नागपूरच्या कॉलेजात जायचं पक्कं होतं. त्या शिक्षणाला ऑप्टोमेट्री म्हणतात, पण घरात तो शब्द पल्लवीशिवाय कोणाच्या तोंडात बसत नव्हता, म्हणून सगळे 'डोळ्याचं कॉलेज' म्हणायचे. वर्ग ऑक्टोबरात सुरू होणार होते. मधल्या पाच महिन्यांसाठी तिला एक सोडून दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या. एक ही, बियाण्याच्या कंपनीची. टेम्पोवर उभं राहायचं, शेंग घालून नाचायचं, माइकवर बोलायचं, गावोगाव 'सोयाताई' म्हणून मिरवायचं. पगार महिन्याला सोळा हजार, वर जेवणाचा भत्ता. दुसरी कारंज्यातल्या सेवालालकाकांच्या चष्म्याच्या दुकानात. काचेचा नंबर काढायचा, चाचणीची फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर बसवायची, 'हे बरं का ते बरं' विचारायचं. पगार तीन हजार.

आता खरं सांगायचं तर माइक म्हटला की पल्लवीच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. शाळेत सव्वीस जानेवारीला तिने सूत्रसंचालन केलं होतं, तर पाहुण्यांना भाषण करायला वेळच उरला नव्हता. आणि नागपूरच्या होस्टेलचे पैसे काही आंब्याच्या झाडाला लागणार नव्हते. पण सेवालालकाकांच्या दुकानात तिने बारा दिवस बिनपगारी काढले होते, आणि अकराव्या दिवशी धनजहून आलेल्या एका म्हातारीने नवी काच लागताक्षणी सुईत दोरा ओवून दाखवला होता आणि पल्लवीच्या हातावर अशी टाळी दिली होती, की तळवा संध्याकाळपर्यंत झिणझिणत होता. तेव्हापासून तिची मान जरा ताठच झाली होती.

तिला विचारलं असतं तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं. पण या घरात तसं विचारायची पद्धत नव्हती. इथे मोठी गोष्ट ठरवायची तर नथ्थूबाबाचा चष्मा लागायचा.

नथ्थूबाबा म्हणजे पल्लवीच्या आजोबांचे वडील. उतारवयात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पोहरादेवीच्या जत्रेत लागलेल्या शिबिरातून त्यांना जाड भिंगांचा काळा चष्मा मिळाला, आणि तो घालून घरी आल्या-आल्या त्यांनी मळ्याच्या कोपऱ्यात बोट दाखवलं, "अठी विहीर खंदा." तीस फुटांवर पाणी लागलं. त्या विहिरीवर आजही वांगी, भेंडी, मेथी सगळं पिकतं. नथ्थूबाबा गेले, चष्मा राहिला. तेव्हापासून घरात बैल घ्यायचा असो की सून आणायची असो, कर्त्या माणसाने चष्मा चढवायचा, दोन्ही बाजूंची चीज डोळ्यांखालून घालायची आणि सांगायचं. सांगितलं की ठरलं. कर्ता माणूस म्हणजे सध्या आबा, पंजाबराव. त्यांची मोठी बहीण हौसाआजी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, तरी चष्मा भावाला गेला म्हणून गेली तीस वर्षं अनसिंगहून एस.टी.ने यायची ती फुगूनच यायची.

आणि इथेच पल्लवीची अडचण होती. तीन दिवसांपूर्वी तिच्या बाबांनी तो चष्मा तिच्याकडे दिला होता. "दांडी ढिली झाली. बैठकीच्या आंधी स्क्रू कसून आणजो." तिने स्क्रू कसला. मग हात शिवशिवले म्हणून चष्मा नंबर काढायच्या यंत्राखाली सरकवला.

अधिक अकरा.

तिने पुन्हा पाहिलं. अधिक अकरा. सेवालालकाकांनी नुसता चष्मा हातात तोलला आणि म्हणाले, "जुन्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा आहे हा. तवा डोळ्यात भिंग बसवत नव्हते, बाहेरूनच असा जाड चष्मा देत. ज्याचं ऑपरेशन झालं त्याले देवच भेटला. दुसऱ्या कोणी घातला, तर समोरचा हत्तीबी दिसत नाही."

आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधीच झालेलं नव्हतं.

म्हणजे तीस वर्षं... पल्लवीने विचार तिथेच थांबवला होता. बोलावं, तर घरचे म्हणणार, पोट्टीला दुकानात जायचं म्हणून नथ्थूबाबाला खोटं पाडते. न बोलावं, तर हत्ती न दिसणारा चष्मा तिच्या पाच महिन्यांचा निकाल लावणार.

"सोळा हजार कुठं अन् तीन हजार कुठं!" विनोदकाकाने तोंड धुऊन बैठकीचं तोंडच उघडलं. "याच्यात पाहाचं काय आहे? माह्या ओळखीनं जागा भेटली. उद्याच्याले दुसरी पोट्टी घेतीन थे."

"पण डोळ्याचं शिकाले जाऊन राह्यली ना ते," पल्लवीचे बाबा, दिनेशराव, सकाळपासून दुकानाच्या बाजूने होते. "दुकानात काहीतरी डोळ्याचं कानावर पडन. शेंगेत काय पडन?"

"भत्ता पडन. रोजचा दीडशे."

"दीडशे?" बाबा थांबले. "रोजचा?" आणि सगळ्यांच्या देखत सतरंजीच्या या टोकावरून त्या टोकाला, शेंगेच्या शेजारी जाऊन बसले.

"वा दिनेश," हौसाआजी म्हणाली. "भेंडी तरी तव्यावर येवढ्या लवकर पलटत नाही."

"आत्या, होस्टेलले पैसे लागते."

"मंग मी दुकानाच्या बाजूनं," हौसाआजीने जाहीर केलं. आबा कुठल्या बाजूचे, हे अजून ठरायचं होतं, पण शेंगेजवळची सतरंजी त्यांच्यासाठी झटकलेली तिने पाहिली होती. तेवढं तिला पुरे होतं.

पल्लवीची आई रत्नमाला चहाचा ट्रे घेऊन आली. तिने शेंगेचा कापडी गाल चिमटीत धरून पाहिला, चेन खालीवर केली, पंखा लावून पाहिला. सकाळी तीही पैशांच्या बाजूची होती. "भाऊजी, हे धुतात कधी?"

"काय?"

"हे. आंधी कोण घालत होतं?"

"मागच्या सालची पोरगी."

"अन् तवापासून धुतलं नाही? कुबट वास येऊन राह्यला आतून." ट्रे खाली ठेवून ती हौसाआजीच्या बाजूला जाऊन बसली. दोन इकडे, दोन तिकडे. पल्लवी मध्ये, चहा हातात, आणि जिच्या नोकरीची गोष्ट चालली होती तिला कोणी साखर कमी की जास्त एवढंही विचारलं नव्हतं.

मग सेवालालकाका आले. दोन्ही बाजूंची चीज समोर लागते, हा नियम. दुकान काही उचलून आणता येत नाही, म्हणून ते स्वतः आले होते, पांढऱ्या शर्टात, काचांची पेटी मांडीवर घेऊन. त्यांना लिंबाच्या बुंध्याशी बसवलं.

आणि मग आबा.

आबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, दोन्ही हातांत लाल कापडातला डबा घेऊन आले. येताना, डावीकडे ठेवलेला चहाचा कप त्यांच्या पायाने लवंडला. चष्मा घालायच्या दिवशी आबांचं लक्ष वरच्या गोष्टीकडे असतं, असं घरात समजत. पल्लवीने मात्र कपाकडे पाहिलं. गेल्या आठवड्यात पाणी शेंदताना बादली डावीकडेच चुकली होती. दुकानात बारा दिवस बसल्यापासून तिला लोकांचे डोळे आधी दिसायचे, लोक नंतर.

"रिकामी शेंग कशी पाहू?" आबांनी पहिलाच मुद्दा काढला. "पोत्यात माणूस नाही तर पोतंच राह्यते. कोणी घाला."

पल्लवी उठली.

"बस तू," आईने तिचा हात ओढला. "या उन्हात? भाऊजी, तुमची ओळख ना? तुमीच घाला."

विनोदकाका अडतीस वर्षांचा, भरलेल्या अंगाचा माणूस. शेंग शिवली होती सतरा वर्षांच्या पोरीसाठी. दोघांनी धरून, गुडघा लावून त्याला आत कोंबला. चेन मानेपर्यंत गेली आणि तिथेच दात आवळून बसली. पंखा घूंऽऽ करू लागला. मधल्या दाण्यातून काकाचे दोन केसाळ हात बाहेर आले, आणि वांग्याच्या वाफ्यापलीकडून म्हशीने मान वर करून पाहिलं.

आबांनी चष्मा चढवला. एवढ्या दिवसांत पल्लवीला त्या काचांमागे त्यांचे डोळे असे कधी दिसले नव्हते. केवढे मोठाले, सशासारखे, आणि कुठेच न पाहणारे.

सगळे शांत झाले. आबा हळूहळू वळले. शेंग उभी होती उजवीकडे. आबांची नजर गेली डावीकडे, जिथे वांग्याच्या रोपांवर हिरवी सावलीची जाळी ताणली होती, साठ फूट लांब. आबांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली.

"शेंग चांगली आहे," ते म्हणाले. "पण लय लांब आहे."

बाबांनी मान डोलावली. आईने मान डोलावली. हौसाआजीनेसुद्धा, वैर विसरून, मान डोलावली. तीस वर्षांची सवय होती ती! खरी शेंग उजवीकडे उभी राहून केसाळ हात हलवत होती, आणि तिच्याकडे बघायची कोणाची छाती नव्हती.

"हलून राह्यली जराशी," वाऱ्याने जाळी हलली तसे आबा म्हणाले. "नाचाले बरी."

मग ते बांधाकडे वळले. तिथे उन्हात खताची पांढरी गोणी टेकवून ठेवली होती. आबांचा चेहरा मऊ झाला. "सेवालालभाऊ, तुमी काहून उन्हात बसले? दिनेश, पाहुण्याले सावलीत घे बाप्पा. असं करते काय?"

"मी अठी आहो, पंजाबराव," सेवालालकाका बुंध्याशी बसून हळूच म्हणाले.

पण बाबा तोवर उठले होते. ते गेले, गोणीच्या दोन्ही कानांना धरून त्यांनी ती उचलली, अदबीने सावलीत आणली आणि सेवालालकाकांच्या शेजारी टेकवून ठेवली. वर आईने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला.

पल्लवीला हसू फुटलं, आणि लगेच त्याच्या मागून रडूही आलं.

"मले वाटते," आबांनी घसा खाकरला, "पल्लवीनं त्या लांब शेंगेकडेच..."

"आबा!"

बैठकीत आबांना मध्येच तोडायचं धाडस आजवर एकदा झालं होतं, आणि ते एका बैलाने केलं होतं.

"आबा, तुमाले दिसून नाही राह्यलं."

"पल्लवे!" बाबा ओरडले.

"बाबा, तुमी खताची गोणी पाहुणा म्हणून उचलली! मी पाह्यली! तिले चहा ठेवला आईनं!" आता सुटलीच गाडी तर ब्रेक कुठला. "तो चष्मा अधिक अकराचा आहे. नथ्थूबाबाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं ना, त्यांच्यासाठीच होता थो. त्यांना त्याच्यातून दिसत होतं, म्हून विहीर बरोबर निघाली. दुसऱ्या कोणाले दिसूच शकत नाही. विचारा सेवालालकाकांले! मी यंत्रावर दोनदा पाह्यलं."

सेवालालकाकांनी गोणीकडे पाहत मान हलवली. "खरं आहे."

बाबांनी गोणीपुढचा चहा पाहिला, मग आबांचा चष्मा.

मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडायला लागला, आणि तो काही चांगला उजेड नव्हता.

"म्हून थो रेडा!" बाबा म्हणाले. "आबा, दुधाची म्हैस म्हणून रेडा आणला होता तुमी. आठ दिवस मी धार काढाले बसत होतो!"

"अन् माह्यासाठी सात पोरी पाह्यल्या!" शेंग किंचाळली. तिन्ही दाणे थरथरले. "सातही नापसंत! मानोऱ्याची तिसरी तर मले एवढी आवडली होती. काहून नाही म्हणले तुमी तिले?"

आबा खाली बघून म्हणाले, "लय चौकोनी होती."

"चौकोनी?"

"लोखंडी वाटत होती अंगानं."

"आबा!" शेंगेने दोन्ही हात डोक्यावर मारून घ्यायचा प्रयत्न केला, पण ते पोचेनात. "थे कपाट होतं! पोरगी कपाटाच्या बाजूले उभी होती!"

हौसाआजीला हसू आलं ते असं, की ती आधी बसल्या जागी कलली, मग आडवी झाली. "तीस वर्षं," ती पदर तोंडात कोंबत म्हणत होती, "तीस वर्षं मी या चष्म्यासाठी रडली वं माय! मले भेटला असता तर मीबी रेडाच आणला असता!"

एक रत्नमाला हसत नव्हती. ती उभी राहिली होती. "म्हणजे मले," ती म्हणाली, "मले पाहाले आले तवा, मी बी तुमाले दिसली नव्हती?"

आता कोणीच हसत नव्हतं. पल्लवीला वाटलं, हे आपण काय करून बसलो. तीन हजारांच्या नोकरीसाठी आईचं लग्न मोडीत काढलं.

आबांनी चष्मा काढला. काढून कापडात गुंडाळला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

"बाबा गेल्यावर पहिल्यांदा घातला," ते म्हणाले, "तर समोर सगळं धुकं. म्हणलं, माह्यातच खोट आहे. बापाले दिसत होतं अन् मले नाही दिसत, हे कोणाले सांगू? चार माणसं तोंडाकडे पाहून राह्यले. म्हणलं, बोल काहीतरी."

"मंग ठरवत कसे होते रे तू?" हौसाआजी उठून बसली.

"ऐकून. जो जास्त बोंबलते, त्याच्या उलटं." त्यांनी मान वळवली, सुनेच्या आवाजाच्या दिशेला. "तुह्या घरी आलो, तवा तू पाणी आणलं. बाकीच्या पोरी पाण्याचा पेला समोर धरत अन् गप उभ्या राहत. मी चाचपडत राहो. तू म्हणली, 'सांभाळून घ्या, पेला भरलेला आहे.' एवढंच ऐकलं मी. म्हणलं, या पोरीले समजलं का मले दिसत नाही. अन् तिनं चार माणसांत तोंडावर आणलं नाही. परत येतानी एस.टी.तच दिनेशले सांगतलं, हेच."

रत्नमालाने गोणीपुढचा चहा उचलला आणि आबांपुढे ठेवला. डावीकडे नाही, उजवीकडे.

ते पाहून पल्लवी पुढे झाली. "आबा, उजवा डोळा झाका. हाताच्या तळव्यानं, दाबू नका. किती बोटं?"

"कोणाचे?"

"माहे."

"कुठं आहेस तू?"

पल्लवी त्यांच्यापासून दीड हातावर होती. तिने सेवालालकाकांकडे पाहिलं. त्यांनी पेटीतून छोटी बॅटरी काढून तिच्याच हातात दिली. स्वतः उठले नाहीत. तिने उजेड बाजूने डोळ्यावर टाकला, जसा बारा दिवस त्यांना टाकताना पाहिला होता. बाहुलीत काळं दिसायला हवं तिथे दुधाळ पांढरं होतं, नासलेल्या ताकासारखं.

"पिकला आहे ना, काका?" तिने विचारलं.

"तूच सांग."

"पिकला आहे." तिने बॅटरी बंद केली. "आबा, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे तुमच्या. चष्म्याच्या नावाखाली आमाले कोणालेच समजलं नाही. ऑपरेशन करा लागते. आता भिंग आत बसवते, असा डब्बा नाकावर घ्या लागत नाही."

"बारा दिवसात समजलं तुले येवढं?" बाबांनी विचारलं. ते पुन्हा सतरंजीच्या मधोमध आले होते.

"बरं आता," आबांनी चष्मा पुढे केला, "आजचा निकाल राह्यला. घे. तू घाल अन् तूच सांग."

पल्लवीने चष्मा घेतला. जड होता. घातला नाही. दांड्या मिटून डब्यात ठेवला आणि मग उभी राहिली, सव्वीस जानेवारीला उभी राहिली होती तशी, फक्त माइक नव्हता.

"मले माइक आवडते. पैसेबी आवडते, कोणाले नाही आवडत? पण मी नागपूरले जाइन, तठी सगळ्यांनी डोळा पुस्तकात पाह्यलेला असन. मी माह्या आबाचा पाह्यला. अजून पाच महिने पाहाचे आहे मले. मी दुकानात जातो." आणि श्वास न घेता ती सेवालालकाकांकडे वळली. "पण तीन हजारात नाही, काका. पाच."

"चार," सेवालालकाका म्हणाले. "अन् चहा."

"चार, चहा, अन् शिबिराले गेली का त्या दिवसाचे अलग."

सेवालालकाकांनी गोणीकडे पाहिलं, जणू तिचा सल्ला घेत होते. "बरं."

"होस्टेलचं काय?" बाबांनी विचारलंच.

"मेथीचे दोन वाफे वाढवू," आई म्हणाली. "अन् गुरुवारच्या बाजारात मी बसत जाइन. तुमी बसता तवा उधारीच जास्त होते."

"काही मी देतो," शेंगेतून आवाज आला. "पण आंधी चेन काढा कोणी! कानात पंखा फिरून राह्यला."

चेन निघेना. तेल लावलं, साबण लावला, हौसाआजीने शिव्या लावल्या. शेवटी सेवालालकाकांनी चष्म्याचा स्क्रू कसायचा बारका पेचकस काढला आणि एकेक दात सोडवत आणला. वीतभर उघडल्यावर आत काकाची घामाने चिंब मान दिसली. तो विचारात पडलेला होता.

"राहू द्या," तो म्हणाला. "शेंगेत कोण आहे, कोणाले दिसते? कंपनीले नाचाशी मतलब. अन् आतून... मजा येते बे, दिनेशदादा. आपुन सगळ्यांले दिसतो अन् आपल्याले कोणी पाहून नाही राह्यलं."

"बोलशीन काय माइकवर?" पल्लवीने विचारलं.

"तू लिहून दे."

तिने दिलं. दोन पानं, पाठपोट.

पुढच्या सोमवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाइक आबाच होते. ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांनंतरची होती, तोवर उजव्या डोळ्याचा नंबर तरी काढून घ्यावा, असं पल्लवीने घरात जाहीर केलं होतं, आणि आता तिने जाहीर केलेल्या गोष्टीला चष्मा लागत नसे. आबांना स्टुलावर बसवून तिने चाचणीची गोल फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली. डावीकडे काळी चकती. उजवीकडे एक काच, मग दुसरी.

"हे बरं का ते बरं?"

"ते."

"आता? हे का ते?"

"थांब." आबा पुढे झुकले. समोरच्या तक्त्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते दारातून रस्त्यावर पाहत होते. रस्त्याने एक टेम्पो चालला होता, कर्ण्यातून पल्लवीचे शब्द काकाच्या आवाजात फाटत होते, आणि टपावर एक हिरवी शेंग जीव तोडून नाचत होती.

"विन्या आहे थो," आबा म्हणाले. "पोट सुटलं त्याचं."

दारात रत्नमाला उभी होती. आबांना घेऊन तीच आली होती. उन्हातून चालून त्यांना तहान लागली असेल, म्हणून तिने माठातलं पाणी आणलं होतं. आबांची नजर टेम्पोवरून तिच्यावर आली आणि तिथेच थांबली. बराच वेळ. पल्लवीने काच बदलायला उचललेला हात तसाच ठेवला.

"नाकात चमकी कधीपासून घालतेस वं?" आबांनी विचारलं.

"लग्नापासून, आबा."

आबांनी मान हलवली. ते टोपी सारखी करत बसले. रत्नमालाने पाणी पुढे केलं. सवयीने, वीस वर्षांच्या सवयीने, तिच्या तोंडून निघून गेलं, "सांभाळून घ्या. पेला भरलेला आहे."

"दिसून राह्यला मले," आबा म्हणाले, आणि हात न चाचपडता पुढे केला.